टोपली झकास, स्प्रिंग भिकार: स्टँडवाला झुला, पाडव्यापासून दिवाळीपर्यंत

अंड्याच्या आकाराची विणलेली टोपली, वाकडा स्टँड, आत जाड गादी, टोपली स्प्रिंग आणि साखळीनं स्टँडला टांगलेली. फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळं मापं सांगत बसत नाही. पाडव्याच्या सेलमध्ये ऑनलाइन घेतला, साडेनऊ हजाराला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या भावातले बहुतेक झुले मला एकाच घाटाचे दिसले. स्टिकर बदलतं, स्प्रिंग तीच.

टोपलीला पाचपैकी साडेचार. स्टँडला मे महिन्यात चार दिले असते, आता अडीच. स्प्रिंगला शून्य, आणि हे सगळं लिहायला बसलेय तेही त्या वीतभर स्प्रिंगमुळंच.

बसायला खरंच छान आहे, त्याबद्दल वाद नाही. ऑफिसमधून आल्यावर पाय वर घेऊन पडवीत चहा घ्यायचा, बाकी काही नको. पण बसल्यावरचा आराम सगळेच बघतात, उठतानाचा कोणी बघत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. पहिल्यांदा टोपलीत बसल्या आणि उठताच येईना. धरायला हात नाहीत, आणि उठायला पुढं जोर दिला की टोपली मागं सरकते. माहेरच्या वाड्यात तुळईला चार कड्यांचा लाकडी झोपाळा होता, त्यामुळं त्यांचं मत आधीच ठरलेलं: "हे काय खुळ्यागत आणलंस!" साखळीच्या दोन कड्या वर घेतल्या, टोपलीची कड जमिनीपासून दीड फुटावर आली, तेव्हा कुठं त्यांना जमलं. उंची माणूस बसवून मोजा. रिकाम्या टोपलीचं माप उपयोगाचं नाही, वजन पडलं की स्प्रिंग दोनेक इंच खाली येते.

स्टँडचं थोडक्यात. पेजवर पाइप १६ गेजचा लिहिला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाऊजींचं टर्निंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळं घरात जाडी मोजायचा व्हर्नियर आपोआप येतो. बुडाची प्लास्टिकची टोपी काढून मोजलं तर १.२ मिमी, म्हणजे १८ गेज. १६ गेज १.६ मिमी भरायला हवा. तरी वाकला नाही, हे मान्य. आमच्या पडवीत शहाबादी फरशी आहे, खालीवर, त्यामुळं स्टँड डुगडुगत होता. खाली रबराचे तुकडे दिल्यावर थांबला. पोरं टोपलीच्या पुढच्या कडेला लोंबकळतात तेव्हा मात्र अख्खा स्टँड पुढं कलतो. टोपली टांगलेली जागा बुडाच्या वर्तुळाच्या आत पडते का, हे ओळंबा सोडून बघा. आमची पडते, जेमतेम.

आणि मग कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर इथं लोखंडाची परीक्षा असते. वरचं पावडर कोटिंग चांगलं टिकलं, म्हणून मी खूश होते. ऑगस्टमध्ये बुडाच्या जोडातून तांबडं पाणी गळायला लागलं. बोल्टच्या भोकातून पाणी पाइपात शिरत होतं आणि खाली बाहेर पडायला वाटच नाही. आतून गंज. भाऊजींनी सगळ्यात खालच्या जागी ५ मिमीचं भोक पाडून कडेला रेडऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, लावला, गळती थांबली. चार आण्याचं काम, कारखान्यात का करत नाहीत कुणास ठाऊक. टोपलीची वीण प्लास्टिकच्या वेताची आहे, तिला पावसानं काही केलं नाही. जावेनं त्याच सुमारास सुती दोरीच्या गाठींनी विणलेला, म्हणजे मॅक्रमे, झुला घेतला होता, त्याला जुलैत काळी बुरशी आली. बागेत टांगायचा असेल तर दोरी पॉलिएस्टरची बघा. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि थोडी ताकदही घालवतो, आणि स्वस्तातली पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हानं चुरा होते.

आता स्प्रिंग.

गणपतीच्या आसपास करकर सुरू झाली. तेल घातलं, थांबली, परत सुरू. मग आवाज बदलला, करकरीच्या मध्येच एक टक्. वर हात घालून बघितलं तर स्प्रिंगच्या टोकाचा आकडा उघडलेला, मधून करंगळी सहज जाईल इतका. आणि त्या आकड्यावर दिवसभर पोरं बसत होती.

कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, स्प्रिंग झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही." म्हटलं, झिजणारा भाग आहे तर माणूस कशाला टांगता त्याला? "मॅडम, वजनमर्यादा १२० किलो आहे, तुम्ही जास्त वजन टाकलं असणार." घरातलं सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे माझा नवरा, ७८ किलो. त्यावर होल्डचं संगीत.

स्प्रिंग पिशवीत घालून भाऊजींकडं नेली. तिथल्या मिस्त्रींनी हातात घेतली आणि लगेच म्हणाले, "वहिनी, ही ओढणारी स्प्रिंग हाय. तुटली की सगळं खाली. दाबणारी घ्या की!" ही गोष्ट विकताना कुणीच सांगत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

ओढणाऱ्या स्प्रिंगमध्ये सगळं वजन तारेच्या त्या वळवलेल्या टोकावर येतं, आणि अशा स्प्रिंगा बहुधा तिथंच मोडतात, आकड्याच्या वळणावर. मोडली की खाली धरायला दुसरं काही नाही. दाबणारीत दोन लांब कड्या स्प्रिंगच्या आतून उलट्यासुलट्या घातलेल्या असतात. वजन आलं की कड्या स्प्रिंगला दोन्हीकडून दाबतात. तार मोडलीच तरी कड्या एकमेकींत अडकलेल्या राहतात, टोपली दोन इंच खाली येते आणि थांबते. ओढणारीच वापरायची असेल तर तिच्या बरोबरीनं एक साखळी सैल टांगून ठेवा, स्प्रिंग गेली तर वजन साखळी घेईल. पोरं घरात असतील तर स्प्रिंगवर कापडाची नळी चढवा, वेटोळ्यांत बोटं चिमटतात.

१२० किलोचं म्हणाल तर खोक्यावर फक्त तेवढा आकडा आहे, स्थिर वजनाचा की हलत्या, ते लिहिलेलं नाही. आणि फरक मोठा आहे. वजन एकदम टाकलं की टांगणीवर येणारा जोर दुप्पट होतो, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्याच पुस्तकात असतं. म्हणजे नवरा धपकन बसला की १५० च्या वर. झोक्याचंही तसंच. ३० अंशांपर्यंत झोका घेतला तर तळाशी येताना सव्वापट भार, ६० अंशांपर्यंत नेला तर दुप्पट. पोरं ६० नेतातच, वर बसताना उडी मारून बसतात.

आता दाबणारी स्प्रिंग आहे, वर बेअरिंगचा स्विव्हल, म्हणजे फिरता जोड, आणि उघड्या एस हुकच्या जागी १० मिमीचा शॅकल, म्हणजे पिननं बंद होणारी यू आकाराची कडी, त्यावर १ टन छापलेलं. टोपली उसळली की उघडा एस हुक निसटू शकतो, शॅकलची पिन आट्यांनी घट्ट बसते. स्विव्हलमुळं टोपली फिरली तरी साखळीला पीळ बसत नाही. सगळं मिळून बाराशेच्या आत, भाऊजींनी मजुरी घेतली नाही. जोडल्यावर आवाज बंद. एकदम बंद. आता सासूबाई दुपारची झोपच तिथं काढतात आणि लाकडी झोपाळ्याचं नाव काढत नाहीत.

फ्लॅटवाल्यांनी स्लॅबला टांगायचं विचारलंय, त्यांच्यासाठी. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका, ते स्वतःच टांगलेलं असतं. पंख्याचा हूक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी असतो, झोका घेणाऱ्या माणसासाठी नाही. स्लॅबला खालून ठोकलेला अँकर, म्हणजे भोकात घट्ट बसवलेला बोल्ट, सरळ खाली ओढला जातो, आणि काँक्रीट कच्चं असेल तर सुळकन बाहेर येतो. स्लॅबच्या आरपार बोल्ट आणि वर लोखंडी प्लेट हे भक्कम, पण वर गच्ची असेल तर आपल्याकडच्या पावसात गळतीला आमंत्रण. त्यापेक्षा बीम बघा, आणि बाल्कनी असेल तर बिल्डिंगच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. भाड्याचं घर असेल तर स्टँडवालाच घ्या, स्प्रिंग तेवढी बदलून.

गादीबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगते: कव्हरला चेन नाही, धुवायला शिवण उसवावी लागते. साडेनऊ हजारांत वीस रुपयांची चेन बसत नाही.

दिवाळीनंतरची भर: १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. त्यानंतर कंपनीचा सूर एकदम गोड झाला, "मॅडम, सदिच्छा म्हणून मोफत पाठवतो," आणि परवा कुरियरनं नवी स्प्रिंग आली. तीच, ओढणारी, तोच आकडा. कुणाला फाटक आपोआप बंद व्हायला स्प्रिंग हवी असेल तर राजारामपुरीत येऊन घेऊन जा, फुकट.