लाँगटेल की सरफेस ड्राइव्ह? उथळ, गाळाच्या पाण्यासाठी मोटर निवडताना

गुडघ्याएवढे पाणी, खाली मऊ गाळ आणि मध्ये दाट पाणगवत, अशा जागी साधे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेले इंजिन, फार दिवस टिकत नाही. त्याला थंड ठेवणारे पाणी खालच्या जाळीतून आत जाते. ती जाळी शेवाळाने बुजली की इंजिन तापते, आणि गाळासोबत आत शिरलेली वाळू पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चाक, खाऊन टाकते. अशाच जागेसाठी मड मोटर असते, आणि लाँगटेल व सरफेस ड्राइव्ह हे तिचे दोन प्रकार. मड मोटरचे इंजिन हवेने थंड होते आणि पाण्याबाहेरच राहते. चिखलात उतरतो तो शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि त्याच्या टोकाचा पंखा. खोल, मोकळ्या पाण्यात मात्र तेवढ्याच हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड मड मोटरला सहज मागे टाकते. तुमचा बहुतेक प्रवास तसल्या पाण्यात असेल तर मड मोटर घेऊच नका.

लाँगटेलची रचना अगदी साधी. इंजिनाला सरळ जोडलेला लांब शाफ्ट, टोकाला छोटा पंखा. ना गिअर ना पट्टा, त्यामुळे बिघडायला फारसे काही नाही. समोर ओंडका आला की हँडल खाली दाबायचे, मागे पंखा वर उचलला जातो. लहान मोटर हलकी असते, छोट्या होडीवर नीट बसते. पण वळताना लांब शेपटी बाजूला फिरवावी लागते आणि लव्हाळ्यातल्या अरुंद वाटेत तेवढी जागा मिळत नाही. शिवाय बहुतेक साध्या लाँगटेलना क्लच नसतो, रिव्हर्सही नसतो. इंजिन सुरू म्हणजे पंखा फिरता, हे सोबतच्या माणसांना होडीत चढण्याआधीच सांगून ठेवा.

सरफेस ड्राइव्हचा शाफ्ट आखूड. पट्ट्यामुळे पंख्याचे फेरे इंजिनापेक्षा कमी होतात, म्हणून मोठा पंखा लावता येतो, आणि तो अर्धा पाण्याबाहेर राहून काम करतो. ही मोटर साधारण 20 ते 40 हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची. वळण आटोपशीर असते, क्लच असतो, काहींना रिव्हर्सही मिळतो. गवताने अडवले की रिव्हर्सची किंमत कळते. मात्र वजन सगळे मागे येते. अरुंद होडीला ही मोटर लावली तर पिछाडी बसते, पुढची नाळ वर उठते आणि उथळ पाण्यात जाण्याचा हेतूच संपतो. रुंद, सपाट तळाची होडी हवी, मोटर बसते ती मागची पाटी मजबूत आणि त्या मोटरला जुळणाऱ्या उंचीची हवी. बॅटरी आणि इंधनाची टाकी पुढे सरकवली की बराच फरक पडतो.

जाहिरातीत दिसते ते दृश्य वेगात असलेल्या होडीचे असते. ती वेगात पाण्यावर उचललेली असते, म्हणून तळहाताएवढ्या पाण्यावरूनही सरकते. तीच होडी तिथे थांबली की तळ गाळाला चिकटतो आणि पुन्हा निघायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून मोटर निवडताना ‘मी कुठून जाणार’ यापेक्षा ‘मी कुठे थांबणार’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जाळे टाकायला किंवा पक्षी बघायला गाळातच थांबायचे असेल, आणि होडी भरलेली असेल, तर जास्त ताकदीची सरफेस ड्राइव्ह घ्या. एकट्याने, हलक्या होडीतून, सावकाश फिरायचे असेल तर लाँगटेल पुरते, आणि तिची दुरुस्तीही काठावर बसून करता येते.

दोन्हींची निगा सारखीच. चिखलातून आल्यावर शाफ्टला ग्रीस भरा, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांत अडकलेले गवत काढा, इंजिन ऑइल बघा. मऊ गाळ पंख्याला फारसा त्रास देत नाही, वाळू मात्र त्याच्या कडा झिजवते. किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, कारण हँडलला झटका बसतो आणि माणूस सहज बाहेर फेकला जातो. कानांना संरक्षण हवेच. लांब काठीही सोबत ठेवा. मऊ गाळात होडी ढकलायला खाली उतरलेला माणूस मांडीपर्यंत रुतू शकतो.

विकत घेण्याआधी नेहमीचे सामान आणि माणसे भरून होडी तुमच्या सर्वांत उथळ जागी न्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटे बसा आणि मग पुन्हा निघून बघा.