घरी शिकवणाऱ्यांनी एकमेकांना आयडिया द्यायच्या तर स्क्रॅच कसं आहे?

स्क्रॅच म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर नारिंगी मांजर आणि रंगीत ठोकळे येतात, मुलांना कोडिंग शिकवायचं काहीतरी, बस. (तयार सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून गोष्ट, गेम, ॲनिमेशन असे प्रोजेक्ट बनवायची आणि शेअर करायची ही वेबसाइट.) कोडिंगसाठी ते चांगलं आहे की नाही यावर भरपूर लिहून झालंय, त्यात मी आणखी भर घालणार नाही. मला त्याची दुसरी बाजू सांगायची आहे, जिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. घरी मुलांना शिकवणारी, शिक्षणावर काही ना काही करत राहणारी जी कुटुंबं आहेत ती एकमेकांना आयडिया देतात, घेतात, त्या देवाणघेवाणीसाठी हे कसं आहे. आधीच सांगून टाकते, या कामासाठी मी जे जे वापरलंय त्यात मला हेच सगळ्यात उजवं वाटतं, आणि का ते नीट सांगते.

आपल्या लोकांना आयडियांचा तुटवडा कधीच नसतो. उलट ढीग असतो. कोणीतरी सुंदर फोटो टाकतं, टेबलावर सगळं मांडलेलं, मूल मन लावून काहीतरी करतंय, खाली दोनशे जण "मस्त", "सेव्ह केलं" लिहितात आणि पुढे काय, तर काहीच नाही. कारण त्या फोटोत फक्त शेवट दिसतो. हे बनलं कसं, मूल कुठे अडलं, कुठला आकडा बदलला असता तर मजा आली असती, माझं मूल दोन वर्षांनी लहान आहे तर काय कमी करू, हे काही त्यात नसतं. तयार वर्कशीटचंही तेच, छापा आणि भरा, त्यात हात घालून बदल करायला जागाच नसते. आयडिया मिळते पण तिचं पोट बंद असतं. मग आपण ती हुबेहूब उतरवायला जातो, आपल्या मुलाला ती बसत नाही आणि उगाच वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये.

स्क्रॅचवर शेअर केलेल्या प्रत्येक प्रोजेक्टवर "सी इनसाइड" असं बटण असतं. दाबलं की सगळं उघडं. कुठला ठोकळा कुठे लावलाय, कुठली संख्या कुठे आहे, आवाज, चित्रं, सगळं. आणि शेजारी "रीमिक्स". ते दाबलं की त्या प्रोजेक्टची तुमची स्वतःची प्रत तयार होते, हवं तसं तोडा, जोडा, मूळ प्रोजेक्टला धक्का लागत नाही. माझ्या दृष्टीने या दोन बटणांतच सगळं आलं.

थोडी पार्श्वभूमी देते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या लाइफलाँग किंडरगार्टन ग्रुपने हे बनवलं, २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि शेअर करायची वेबसाइटही त्याच वर्षी बरोबरच आली. म्हणजे आधी सॉफ्टवेअर बनवलं आणि मग वर कम्युनिटी चिकटवली असं नाही, एकमेकांचं बघून शिकायचं हे पहिल्यापासून डोक्यात होतं. त्यामागे सेमूर पॅपर्ट यांच्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेची परंपरा आहे, मुलाने काहीतरी बनवत बनवत शिकायचं ही. आत्ताची ३.० आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली, सांभाळते स्क्रॅच फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था आणि वापरायला मोफत. मुख्यतः ८ ते १६ वयासाठी म्हणतात, ५ ते ७ वाल्यांसाठी स्क्रॅच ज्युनियर वेगळं आहे, पण त्यात ही अशी शेअरिंगची कम्युनिटी नाही, त्यामुळे ते इथे बाजूला ठेवते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते एका उदाहरणावरून सांगते, कारण नुसतं "कम्युनिटी छान आहे" म्हणून कोणाला काही कळत नाही.

आमच्या ओळखीच्या कुटुंबांपैकी एका मुलाने बहुभुज काढणारा छोटासा प्रोजेक्ट शेअर केला होता. स्क्रीनवर "बाजू" नावाचा एक स्लायडर, तो सरकवला की त्रिकोण, चौकोन, पंचकोन, असं बारापर्यंत. दिसायला साधाच. आत उघडून बघितलं तर मोजके ठोकळे, पेन खाली टेक, मग रिपीटच्या आत "इतकी पावलं चाल" आणि "इतके अंश वळ", आणि वळायच्या जागी ३६० भागिले बाजू. एवढंच! पण हे "एवढंच" दिसणं फार मोठी गोष्ट आहे, कारण मूल बघतं की अरे, पूर्ण एक फेरी ३६० अंशांची, ती जितक्या बाजू तितक्या भागांत वाटली की आकृती बंद होते. बाह्यकोनांची बेरीज ३६० हे वाक्य पाठ करण्याची गरजच पडली नाही, ते समोर चालून दाखवत होतं.

माझ्या मुलीने रीमिक्स दाबलं आणि ३६० च्या जागी ७२० टाकलं, कारण काय तर बघू काय होतं. बाजू ५ ठेवल्यावर चांदणी आली! १४४ अंश वळत वळत पाच टोकांची. मग ७ ला पण चांदणी, ९ ला पण. आणि ६ ला मात्र नुसता त्रिकोण. ८ ला चौकोन. ती वैतागली, तिला वाटलं काहीतरी बिघडलंय, आणि तिने तसंच शेअर केलं, खाली लिहून की सहाला चांदणी का येत नाही कोणी सांगा. उत्तर कोणी लिहून दिलं नाही. तिसऱ्या घरातल्या मुलाने तिच्या प्रोजेक्टचं रीमिक्स केलं, ७२० चं १०८० केलं, म्हणजे तीन फेऱ्या, आणि आता ८ ला झकास चांदणी आली पण ९ ला त्रिकोण झाला, तोच तोच तीनदा गिरवलेला, आणि ६ ला तर नुसती पुढेमागे जाणारी एक रेघ. मग दोघांनी मिळून कुठे चांदणी येते आणि कुठे नाही याचा तक्ता केला आणि त्यातून बाहेर आलं की फेऱ्या आणि बाजू यांच्यात १ सोडून दुसरा सामाईक विभाजक असला की तितक्या टोकांची चांदणी होत नाही. मसावि! जो मसावि आम्ही वहीत उदाहरणं घालून घालून शिकवतो आणि मुलं का काढायचा हे विचारतात, तो तीन घरांमधून फिरत फिरत स्वतःच आला. मला हे बघताना इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

आणि हे कुठल्या फोटोतून किंवा लिहिलेल्या टिपेतून झालं नसतं, कारण प्रत्येकाला आधीच्याची आतली संख्या दिसत होती आणि तिला हात लावता येत होता.

दुसरी गोष्ट श्रेयाची. आपल्याकडे आयडिया शेअर करणाऱ्यांमध्ये ही कायमची दुखरी नस आहे, कोणीतरी मेहनतीने काहीतरी बनवतं आणि आठवड्याभरात ते नाव न घेता दहा ठिकाणी फिरतं. स्क्रॅचवर शेअर केलेलं सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक २.० या लायसन्सखाली जातं, म्हणजे कोणीही घेऊ शकतं, बदलू शकतं, पण मूळ माणसाचं नाव द्यायचं आणि आपलं बदललेलंही तसंच खुलं ठेवायचं. हे नीट समजून घ्या, शेअर दाबणं म्हणजे रीमिक्सला परवानगी देणंच आहे. नको असेल तर शेअर करू नका, न शेअर केलेलं दुसऱ्या कोणाला दिसत नाही. रीमिक्स केल्यावर मूळ करणाऱ्याचे आभार मानणारी ओळ आपोआप लागते आणि त्याला निरोपही जातो की तुझ्या प्रोजेक्टचं अमक्याने रीमिक्स केलंय.

पण आपोआप लागलेली ओळ पुरेशी नसते. हे मी मनाने सांगत नाहीये. स्क्रॅचची कम्युनिटी साइट ज्यांनी उभी केली त्या आंद्रेस मोनरॉय-हर्नांदेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं होतं, त्यात दिसलं की मशीनने लावलेल्या नावापेक्षा दुसऱ्या मुलाने स्वतः लिहिलेलं श्रेय मुलांना जास्त मोलाचं वाटतं. अगदी पटतं हे. प्रोजेक्टखाली "नोट्स अँड क्रेडिट्स" अशी जागा असते, आमच्या कुटुंबांत आता ठरलंच आहे की तिथे दोन ओळी लिहायच्या, कोणाकडून काय घेतलं आणि मी काय बदललं. मुलांना लेखनाचा सरावही होतो आणि ज्याचं घेतलं त्याला खरंच बरं वाटतं. मोठ्यांनीही हे करावं असं मला फार फार वाटतं.

कुटुंबांचा गट असेल तर स्टुडिओ करा. स्टुडिओ म्हणजे वेगवेगळ्या लोकांचे प्रोजेक्ट एका ठिकाणी ठेवायची जागा. स्टुडिओ सांभाळणारे मॅनेजर असतात, प्रोजेक्ट टाकू शकणारे क्युरेटर बोलवता येतात, आणि कोणीही प्रोजेक्ट टाकू शकेल की फक्त बोलावलेलेच हे ठरवता येतं. सुरुवातीला बोलावलेलेच ठेवा. आम्ही विषय छोटा ठेवतो, "कोन", "आवाज", "एका थेंबाचा प्रवास" असा, कारण "गणित" नावाच्या स्टुडिओत पसारा होतो आणि कोणी कोणाचं उघडून बघत नाही.

भाषेचं एक खूप आवडतं मला. सत्तरहून जास्त भाषांमध्ये स्क्रॅच चालतं, आणि तुम्ही जी भाषा निवडाल त्या भाषेत दुसऱ्याच्या प्रोजेक्टचे ठोकळेसुद्धा उघडतात, मग त्याने ते कुठल्याही भाषेत बनवलेलं असो. म्हणजे ज्याच्याशी आपण एक वाक्य बोलू शकत नाही त्या मुलाचा विचार कसा चाललाय ते आपलं मूल वाचू शकतं. त्याने दिलेली नावं आणि कॉमेंट मात्र त्याच्याच भाषेत राहतात.

सुरक्षिततेबद्दल पालक हमखास विचारतात म्हणून सांगते. खासगी मेसेज नाहीत, जे काही बोलणं ते सगळ्यांसमोर, त्यामुळे पालकाला बघता येतं. फिल्टर आहे, मॉडरेटर आहेत, प्रत्येक गोष्टीवर रिपोर्ट आहे. युजरनेममध्ये खरं नाव घालू नका, फोन, पत्ता, फोटो काही टाकू नका. आणि तरीसुद्धा ही सगळ्या जगासाठी उघडी जागा आहे, लहान मुलाला एकट्याला सोडून द्यायची नाही, निदान पहिले काही महिने शेजारी बसाच.

आता जे आवडत नाही ते. सर्चमध्ये इयत्ता, वय, विषय असं काही लावून शोधता येत नाही, त्यामुळे शिकवायला उपयोगी प्रोजेक्ट शोधणं कष्टाचं काम आहे, पहिल्या पानावर तर गेम आणि ॲनिमेशनच जास्त. म्हणून मी म्हणते की शोधत बसण्यापेक्षा ओळखीच्या चार घरांचा स्टुडिओ बरा. दुसरं, मजकूर बरोबर आहे की नाही हे कोणी तपासत नाही. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं दाखवणारा प्रोजेक्टही दिसायला अतिशय देखणा असू शकतो, तेव्हा मुलाच्या हातात द्यायच्या आधी स्वतः बघायचंच. अर्थात मोठ्या मुलांना चुकीचा प्रोजेक्ट देऊन रीमिक्समध्ये दुरुस्त करायला सांगणं हा फार सुंदर अभ्यास होतो.

तिसरं आणि मला सगळ्यात जास्त खुपणारं, लव्ह आणि फॉलोअरचे आकडे. मुलं ते मोजायला लागली की प्रोजेक्टची मजा जाते, मग जे लोकांना आवडतं तेच बनवायचं सुरू होतं. ही तक्रार एकट्या स्क्रॅचची नाही, मोठ्यांच्या जगातही हेच चाललंय, आयडिया टाकणारेसुद्धा आकडे बघून आयडिया निवडतात. आम्ही घरात रीमिक्स किती झाले एवढंच विचारतो, कारण त्यात कोणीतरी ती आयडिया खरोखर हातात घेतलेली असते. तरीही मूल रुसून बसलं तर बसावं लागतं समजावत.

मोबाइलवर प्रोजेक्ट बघता येतो पण बनवणं अवघड आहे, ठोकळे ओढायला मोठी स्क्रीन हवी. टॅबवर जमतं.

आणि सगळ्या आयडिया यात मावत नाहीत हेही स्पष्ट सांगते. वाचन, हस्तकला, बाहेर जाऊन झाडं-पक्षी बघणं, मातीत हात घालणं, यातलं स्क्रॅचमध्ये ओढूनताणून आणू नये. जिथे संख्या, क्रम, कारण-परिणाम, गोष्ट सांगणं किंवा आवाज-संगीत आहे तिथे मात्र याला तोड नाही. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा सर्चमुळे कापला.

सुरू करणाऱ्यांना एक सांगणं, पहिला प्रोजेक्ट परफेक्ट करून टाकू नका. अर्धवट टाका, आणि खाली प्रश्न लिहा. पूर्ण झालेल्या प्रोजेक्टला लोक लव्ह देतात आणि जातात, अर्धवटाला रीमिक्स येतं. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधला एखादाच भाग हवा असेल तर एडिटरच्या खाली बॅकपॅक आहे, त्यात ठोकळे ओढून ठेवले की आपल्या प्रोजेक्टमध्ये काढून घेता येतात, फार कामाची सोय आहे आणि बऱ्याच जणांना माहीतच नसते. पण बॅकपॅकमधून आणलेल्याला आभाराची ओळ लागत नाही, ते श्रेय हाताने लिहायचं. ज्यांच्याकडे नेट धड चालत नाही त्यांनी ऑफलाइन ॲप घ्या, प्रोजेक्टची फाइल सेव्ह करून पेनड्राइव्हने दुसऱ्या घरी देता येते, तिथेही नाव आपोआप जोडलं जात नाही, तेव्हा फाइल देताना कोणाचं आहे आणि आपण काय बदललंय ते प्रोजेक्टच्या आतच एका कॉमेंटमध्ये लिहून द्या, म्हणजे फाइल पुढे कितीही घरं फिरली तरी ते तिच्याबरोबर जाईल.