लिंक्डइनची पारख: हिंजवडी ते चाकण, कशासाठी वापरावं आणि कशासाठी नाही

पुण्यात नोकरी बदलायची म्हटलं की दोन नावं हमखास निघतात, नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन. पहिल्याकडे माणूस नोकरी हवी असतानाच वळतो. लिंक्डइनवरचं प्रोफाइल मात्र आपण काहीच शोधत नसतानाही दुसऱ्यांना सापडत राहतं, आणि या सेवेची खरी किंमत तीच आहे. 2003 मध्ये सुरू झालेली आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घ्यायचं ठरवलेली ही साइट फुकट खात्यावरही पुष्कळ काही देते. आमचं मत आधीच सांगतो: प्रोफाइल नीट भरायला एक अख्खा रविवार द्यावा, रोज पोस्ट टाकण्याच्या मागे लागू नये, आणि प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारी योजना, लागेल त्या महिन्यापुरतंच घ्यावं.

रिक्रूटर, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणारा, तुम्हाला नावाने शोधत नाही, कारण तुमचं नाव त्याला ठाऊकच नसतं. तो पद, कौशल्य, अनुभवाची वर्षं आणि ठिकाण यांचे फिल्टर लावतो. त्यामुळे प्रोफाइलमधली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे नावाखालची हेडलाइन. तिला 220 अक्षरांची मर्यादा आहे. बहुतेकांची हेडलाइन लिंक्डइननेच आपोआप भरलेली असते: पद आणि कंपनीचं नाव. चाकणच्या एखाद्या प्लांटमधल्या माणसाने नुसतं ‘सीनियर इंजिनिअर’ ठेवलं, तर तो डिझाइनमध्ये आहे, मेंटेनन्सला आहे की क्वालिटीत, काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, ॲल्युमिनियम डाय कास्टिंग आणि मशिनिंग, पीपीएपी, चाकण’ असं लिहिलं (पीपीएपी म्हणजे नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत) की चार वेगवेगळ्या शोधांत तो सापडू शकतो. पद अगदी सुरुवातीला हवं, कारण मोबाइलवर कमेंटच्या वर हेडलाइनचे पहिले काही शब्दच दिसतात, पुढचे कापले जातात. ‘पॅशनेट’, ‘ड्रीमर’, ‘लाइफलाँग लर्नर’ हे शब्द टाकून कोणी माणूस शोधत नाही. ती जागा वाया जाते.

आयटीवाल्यांची अडचण वेगळी. हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या कंपन्यांत ‘असोसिएट’, ‘मेंबर टेक्निकल स्टाफ’ अशी अंतर्गत श्रेणीची नावं असतात. शोधणारा टाकतो ‘जावा डेव्हलपर’ किंवा ‘डेटा इंजिनिअर’. म्हणून अनुभवाच्या रकान्यात आधी कंपनीच्या कागदावरचं पद आणि त्यापुढे बाजारात रूढ असलेलं नाव, असं दोन्ही लिहावं. कागदावरचं पद गाळू नये. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या वेळी रिलीव्हिंग लेटरशी पद आणि तारखा ताडून पाहतात, आणि तिथे फरक निघाला की हातातली ऑफर अडकते.

ठिकाणाकडे फार कमी लोक बघतात. सोलापूर, लातूर किंवा जळगावला कॉलेजात असताना खातं उघडलेलं असतं, नोकरीला पुण्यात आल्यावर ते बदलायचं राहून जातं, आणि पुण्याचा फिल्टर लावणाऱ्याच्या यादीत हा माणूस येतच नाही. नावाजवळच्या पेन्सिलीवर टिचकी मारून ठिकाण तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

‘अबाउट’मध्ये 2600 अक्षरं मावतात, पण पहिल्या काही ओळींनंतर मजकूर दुमडलेला असतो. तेव्हा काम आणि आकडा पहिल्याच ओळीत द्या: कोणती लाइन सांभाळली, रिजेक्शन 4 टक्क्यांवरून कितीवर आणलं, किती माणसांची टीम होती. इथे एक कळकळीची सूचना. पार्टचे फोटो, ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव, शॉप फ्लोअरवरची सेल्फी यातलं काहीही कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर जॉइन होतानाच सही केलेली असते, आणि नंतर पोस्ट काढून टाकली तरी तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असू शकतो.

सुधारणा करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवणं बंद करा. नाहीतर नव्या पदाची किंवा नव्या सर्टिफिकेटची बातमी साहेबांपर्यंत पोहोचते आणि ‘काय, कुठे बघताय का?’ हा प्रश्न चहाच्या टेबलावर येतो. ‘ओपन टू वर्क’, म्हणजे नोकरी शोधत असल्याची खूण, तिचंही तसंच. त्यात दोन पर्याय आहेत: सगळ्यांना दिसणारी हिरवी पट्टी, किंवा फक्त रिक्रूटरना दिसणारी खूण. दुसऱ्या पर्यायात लिंक्डइन तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून खूण लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण हमी देत नाही. पुण्यात बऱ्याच कंपन्यांची भरती बाहेरच्या कन्सल्टन्सीमार्फत चालते. त्या कन्सल्टन्सीचा माणूस लिंक्डइनच्या लेखी तुमच्या कंपनीचा नसतो, त्यामुळे त्याला खूण दिसते आणि गोष्ट फुटते. नोकरीत असाल तर हे धरूनच पाऊल टाका. नोकरी गेलेली असेल तर हिरवी पट्टी बेधडक लावा, त्यात कमीपणा काहीही नाही.

ओळखी वाढवताना फुकट खात्याला दर महिन्याला मोजक्याच रिक्वेस्टसोबत चिठ्ठी जोडता येते, तीही 200 अक्षरांची. ती ज्यांच्याशी खरंच काम आहे त्यांच्यासाठी राखून ठेवा. जुने सहकारी, बॅचमेट यांना चिठ्ठीची गरज नसते. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या एखाद्या कार्यक्रमात किंवा मोशीच्या प्रदर्शनात कोणी भेटलं तर त्याच संध्याकाळी रिक्वेस्ट पाठवा आणि कुठे भेटलो, काय बोललो ते एका ओळीत लिहा. अनोळखी लोकांना घाऊक रिक्वेस्ट पाठवल्या आणि त्या पडून राहिल्या, तर खात्यावर निर्बंध येऊ शकतात. महिनोन्‌महिने अनुत्तरित असलेल्या मागे घ्याव्यात. मात्र मागे घेतल्यावर त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही.

भोसरीतल्या छोट्या कारखानदारांनी कंपनी पेज जरूर काढावं, पण त्यावर सणांच्या शुभेच्छांपेक्षा मशीनची यादी असावी. परचेसचा माणूस व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित मशीनच्या) टेबलचं माप, प्रेसचं टनेज, किती मायक्रॉनची टॉलरन्स (मापातली चालणारी चूक) सांभाळता आणि आयएसओचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे का, एवढंच बघतो. पेजइतकंच मालकाचं स्वतःचं प्रोफाइल महत्त्वाचं, कारण व्यवहार शेवटी माणसाशी होतो.

साइटचं दिसणं आता मराठीतही करता येतं. प्रोफाइल मात्र इंग्रजीत आणि नाव रोमन लिपीत ठेवा. शोध त्याच लिपीत होतात.

सेवेची कमकुवत बाजू म्हणजे नोकऱ्यांचा विभाग. ‘ईझी ॲप्लाय’, म्हणजे लिंक्डइनवरूनच थेट अर्ज करायचं बटण, सोपं आहे, म्हणूनच एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो आणि उत्तर येत नाही. गेल्या 24 तासांतल्या जाहिरातींचा फिल्टर लावून अर्ज करा, आणि तीच जागा कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर आहे का ते पाहून शक्यतो तिथूनच भरा. खोट्या जाहिरातीही असतात. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले की तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ओळख पडताळल्याची खूण आधार आणि डिजिलॉकरवरून फुकट मिळते, ती जरूर घ्या. मात्र त्या खुणेने माणूस कोण आहे एवढंच कळतं, त्याने लिहिलेला अनुभव खरा आहे की नाही ते कळत नाही.

खातं कंपनीच्या ईमेलवर उघडलं असेल तर आजच स्वतःचा ईमेल जोडून तो मुख्य करा. राजीनाम्यानंतर कंपनीचा मेल बंद होतो, आणि पासवर्ड विसरलेला असेल तर इतक्या वर्षांचं खातं परत मिळवताना नाकी नऊ येतात.

प्रीमियमचा पहिला महिना बहुधा फुकट मिळतो. त्यातली करिअर योजना महिन्याला 5 इनमेल देते, म्हणजे ओळख नसलेल्यालाही थेट निरोप पाठवता येतो. 90 दिवसांत उत्तर आलं तर तो इनमेल परत खात्यात जमा होतो. नोटीस पिरियड सुरू झाला की मगच तो महिना सुरू करा. मुदत संपण्याच्या निदान दोन दिवस आधी रद्द करा, नाहीतर कार्डवरून पैसे कापले जातात. आयफोनच्या ॲपमधून घेतलं असेल तर रद्द करायचं बटण लिंक्डइनमध्ये शोधू नका, ते ॲपलच्या सबस्क्रिप्शनमध्ये असतं.