हाय बॉनेट जीपला नवा स्टिअरिंग बॉक्स: होळी ते दिवाळी वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. गाडी १९६८ ची महिंद्रा सीजे-३बी, म्हणजे आपली हाय बॉनेट, इंजिन मूळचं पेट्रोलचंच. तिचा मूळचा रॉस स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पाठवणारी पेटी) काढून रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत गोळ्या फिरणारा साधा बॉक्स बसवला, पॉवर स्टिअरिंग नाही. गाडी आता रस्त्यावर सरळ चालते, आणि पॉवर न घेतल्याची हळहळ एकदाही वाटली नाही. पण यातलं निम्मं श्रेय नव्या बॉक्सचं नाहीच. एवढं लांबण लावतोय ते त्यासाठीच.

गाडी मोर्शीकडे, संत्र्याच्या बागेत असते. पांदणीने शेत, शेतातून डांबरी, कधी वरूड, पाहुणे आले की परतवाड्यावरून चिखलदरा. स्टिअरिंगला चांगला चार बोटं प्ले होता, म्हणजे तेवढं फिरवलं तरी चाकं हलत नसत. डांबरीवर जरा वेग घेतला आणि एक चाक खड्ड्यात गेलं, की पुढची दोन्ही चाकं जी थरथरायला लागत ती गाडी पार हळू केल्याशिवाय थांबत नसत. जुनी जीप ज्यांच्या दारात आहे त्यांना हा व्हॉबल काय असतो ते सांगायला नको.

गावात सल्ला एकच: "पावर टाकून घ्या भाऊ." मला तो पटला नाही. स्टिअरिंग जड असणं आणि ढिलं असणं हे दोन वेगळे आजार आहेत. पॉवरने जडपणा जातो. ढिलेपणा तिथंच राहतो, वर हाताला कळेनासा होतो. आणि जडपणा तरी कुठून येतो? या गाडीचा मूळ टायर ६.००-१६, अरुंद. रुबाबासाठी आपण रुंद टायर आणि बाहेर काढलेली रिम घालतो आणि मग दंड दुखतात म्हणून पॉवरचं कोटेशन मागतो. मी ६.००-१६ परत घातले तेव्हाच उभ्या गाडीतलं ओझं बरंच उतरलं. (चिखलात रुंद टायर बरा म्हणणारे भेटतील. आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये कोणताच टायर बरा नसतो.)

ढिलेपणा शोधायला खर्च नाही. चाकं जमिनीवरच ठेवायची, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेक सांधा बघायचा. पुतण्याला स्टिअरिंगवर बसवून मी मिस्त्रीच्या शेजारी खाली शिरलो. या जीपमध्ये बॉक्सकडून येणारा दांडा, ड्रॅग लिंक, थेट चाकाला जात नाही. चॅसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवर (क्रॉस मेंबर) एक बेलक्रँक असतो, तो पुढे-मागे होणारी हालचाल आडवी करून दोन्ही टाय रॉडना, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांना देतो. आमचा बेलक्रँक फिरायच्या आधी कलंडत होता. पिनेभोवती ग्रीसऐवजी काळ्या मातीचा वाळलेला लेप होता. नखाने खरवडला तर खाली लाल गंज, आणि आतल्या सुईसारख्या बेअरिंगचा नुसता चुरा. मिस्त्री म्हणाला, "बॉक्स तं म्हातारा हायेच, पन चोर हा हाये."

तर पहिलं काम बेलक्रँकचं. लेथवर गनमेटलचा बुश आणि नवी पिन करून घेतली, ग्रीस निप्पल ठेवला. मग किंग पिनच्या (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) बेअरिंग बदलून शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी घट्टपणा साधला, टाय रॉड एंड नवे घातले आणि चाकांचं अलाइनमेंट मिस्त्रीने मॅन्युअलप्रमाणे दोरीवर घेतलं. कास्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकलेला कोन, ३ अंशांचा लागतो. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले असतील तर तो कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक परत येत नाही, म्हणून पाटेही बघून घ्या. एवढ्यावर काही आठवडे गाडी चालवली. व्हॉबल गेला, प्ले निम्म्यावर आला. तुमचं बजेट इथं संपत असेल तर इथंच थांबा, काही बिघडत नाही.

उरलेला प्ले बॉक्सचा. रॉस बॉक्समध्ये लीव्हरच्या दोन पिना कॅमच्या (स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या, आटे पाडलेल्या तुकड्याच्या) खाचेतून घासत सरकतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खाच मधोमध जास्त झिजते. बाजूचा स्क्रू आवळून मधला प्ले काढला की कडेला पूर्ण वळवताना स्टिअरिंग अडकतं. हा खेळ आमच्याकडे वर्षानुवर्षं चालला होता. रिसर्क्युलेटिंग बॉलमध्ये वर्म (आटे असलेला दांडा) आणि त्यावरचा नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या गरगर फिरत राहतात, घासण्याऐवजी लोळणं होतं, त्यामुळे तो हलका चालतो आणि झिजतोही सावकाश.

मी एका जुन्या पिकअपचा बॉक्स उघडून, सील आणि बेअरिंग बदलून घेतला. बसवताना मोठी अडचण शाफ्टची. रॉसमध्ये कॅम आणि स्टिअरिंगचा लांब शाफ्ट एकच तुकडा असतो, त्यामुळे जुना कॉलम उपयोगाचा नाही. वेगळा शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरू देणारा सांधा) लागतात. एका गॅरेजवाल्याने जुना शाफ्ट कापून वेल्डिंग मारून देतो म्हटलं. गाडी तिथून सरळ बाहेर काढली. स्टिअरिंगच्या शाफ्टला आणि पिटमन आर्मला (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा हात) वेल्डिंग नको म्हणजे नको, शाफ्टच्या दातांवर बसणारा, आतून दात असलेलाच जॉइंट घ्या. विकत घेण्याआधी बॉक्सचा आर्म कोणत्या दिशेने फिरतो तेही हाताने फिरवून बघा, नाहीतर स्टिअरिंग डावीकडे आणि चाकं उजवीकडे. चॅसिसला भोकं वाढवली नाहीत. मधे जाड पट्टी घेऊन जुन्याच बोल्टच्या जागा वापरल्या. सगळं धरून ३० हजारांच्या आतबाहेर खर्च. पॉवरसाठी पंप, ब्रॅकेट, पुली, पाइप धरून याच्या दुप्पट सांगितले होते.

आता वापर. चिखलदऱ्याचा घाट हा खरा आनंद: वळण संपलं की स्टिअरिंग हातातून हळूच परत येतं, आधी ते ओढून आणावं लागायचं. डांबरीवर ट्रक शेजारून गेला तरी गाडी रेष सोडत नाही. स्टिअरिंगचे फेरे मात्र वाढले, अरुंद जागेत हात भराभर चालवावे लागतात. नवा पिटमन आर्म आखूड असल्याने लॉकही, म्हणजे चाकं जास्तीत जास्त किती वळतात तेही, जरा कमी झाला. आमची झाडं ६ बाय ६ मीटरवर आहेत, ओळीच्या टोकाला धुऱ्यापाशी पूर्वी एका दमात वळायची, आता एकदा रिव्हर्स घ्यावा लागतो. पावसाळ्यात एका टाय रॉडचं रबर बूट फाटलं. चिखल वाळून दगड होतो आणि तो बूट फाडतो, त्यामुळे पाऊसकाळात शेतातून आलं की पाइपने खालून धुणं आणि बेलक्रँकला ग्रीस मारणं सोडू नका.

विंटेज नोंदणी करायची असेल तर आधी विचार करा. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी लागते; चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही, आणि 'व्हीए' (विंटेज गाड्यांच्या) नंबरची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. माझी रोज बागेत जाते, म्हणून मी त्या फंदात पडलो नाही. तरी रॉस बॉक्स तेल भरून कोठ्यात ठेवलाय, बोल्ट खोलून परत लावता येईल असा.

एक कटकट राहिली ती हॉर्नची. जुन्या जीपमध्ये हॉर्नची वायर पोकळ शाफ्टमधून, बॉक्सच्या पोटातून खाली निघते. नव्या शाफ्टमध्ये ती सोय नाही, म्हणून बटण डॅशबोर्डवर आणलं. मला सवय झाली. पण गाडी मागून नेणारा प्रत्येक जण बकऱ्यांच्या कळपासमोर स्टिअरिंगचा मधला भाग दाबत बसतो, आणि परत आल्यावर मलाच सांगतो, "काका, तुमचा हॉर्न गेला बरं का."