बेलापूरमधील समुद्री बचावाचे प्रशिक्षण : तिसऱ्या दिवसाविषयी

बोटीवर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला दर पाच वर्षांनी जीव वाचवण्याच्या मूलभूत प्रशिक्षणाची उजळणी करावी लागते. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० मध्ये मनिला येथे झालेल्या सुधारणांनंतर आलेली ही अट पूर्ण करण्यासाठी नवी मुंबईतल्या आम्हा लोकांना लांब जावे लागत नाही, कारण सीबीडी बेलापूरच्या आसपास प्रशिक्षण संस्था आणि जहाजांवर माणसे पाठवणाऱ्या कंपन्या मोठ्या संख्येने आहेत. मी नेरुळला राहतो आणि बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) चीफ ऑफिसर म्हणून काम करतो. गेल्या महिन्यात सुट्टीवर असताना मी बेलापूरच्या एका संस्थेत ही उजळणी पूर्ण केली. पहिले दोन दिवस नियमाने ठरलेले होते. तिसरा दिवस संस्थेने स्वतःहून जोडलेला आहे. त्याचे सर्टिफिकेट मिळत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेतले जात नाहीत. त्या दिवसाचा विषय आहे समुद्रात एकाच वेळी शंभर-दोनशे माणसांना कसे वाचवायचे, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्याच दिवसाविषयी आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण खाली काही तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना लेखी कळवलेल्या आहेत.

पहिल्या दोन दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, त्यानंतरच्या साधारण दहा मिनिटांत हातपाय चालतात तोवर जे करायचे ते करून घ्यायचे, आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो हे लक्षात ठेवून घाबरायचे नाही, हा धडा त्यांनी चांगला पक्का करून घेतला. उलटा पडलेला लाइफ राफ्ट (हवेने फुगणारा बचाव तराफा) सरळ करण्याची पाळी प्रत्येकावर आली. मात्र बॅच मोठी होती, कपडे बदलायची जागा अपुरी होती, आणि कागदपत्रांच्या खिडकीसमोर पहिल्या दिवशी दीड तास गेला. हे त्रास सगळीकडेच असतात, त्यांच्यावर अधिक लिहीत नाही.

तिसऱ्या दिवसाला मी इतके महत्त्व का देतो, हे माझ्या अनुभवाशिवाय समजणार नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात मी थर्ड ऑफिसर होतो आणि आमचे जहाज माल्टाच्या दक्षिणेकडून जात असताना रोमच्या बचाव समन्वय केंद्राकडून मार्ग बदलण्याचा संदेश आला. तीन तासांनी युरोपकडे निघालेल्या स्थलांतरितांची एक राखाडी रबरी बोट दिसली, जिच्या दोन्ही फुग्यांवर माणसे एक पाय पाण्यात सोडून बसली होती आणि मधल्या भागात बायका-मुले होती. आमचा डेक पाण्यापासून नऊ मीटर उंच होता. पायलट लॅडर (जहाजाच्या बाजूने सोडायची दोराची शिडी), एक जुनी जाळी आणि वीस-बावीस माणसांचा स्टाफ एवढ्या भांडवलावर शंभराहून अधिक लोकांना वर कसे घ्यायचे, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. कॅप्टननी जहाज वाऱ्याला आड येईल असे उभे केले, रबरी बोटीला आमच्या पोलादी बाजूवर आपटू दिले नाही, आणि एका मानवतावादी संस्थेचे जहाज येईपर्यंत आम्ही दोराला पाण्याच्या बाटल्या बांधून खाली सोडत राहिलो. त्या जहाजाच्या दोन लहान वेगवान बोटी आल्या आणि पाऊण तासात सगळे सुखरूप निघाले. वरून पाहताना मला जाणवले की ही माणसे धाडसी आहेत, पण त्याहून अधिक म्हणजे त्यांना कामाचा क्रम पाठ आहे. तो क्रम मला या प्रशिक्षणात प्रथमच कोणीतरी समजावून सांगितला.

शिकवणारे सर निवृत्त मास्टर मरिनर, म्हणजे जहाजाचे कप्तान आहेत. त्यांनी सुरुवात इतिहासाने केली आणि ती योग्यच होती. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ स्थलांतरितांची एक बोट जळून बुडाली आणि ३६० हून अधिक लोक गेले. त्यानंतर इटलीच्या नौदलाने ‘मारे नोस्त्रुम’ ही मोहीम हाती घेतली व वर्षभरात सुमारे दीड लाख लोकांना वाचवले. २०१४ च्या अखेरीस ती मोहीम बंद झाली, पण बोटी यायच्या थांबल्या नाहीत, आणि भार व्यापारी जहाजांवर पडला. ही पोकळी भरून काढण्यासाठी नागरिकांच्या संस्था पुढे आल्या. त्यांतल्या ‘एसओएस मेदितेराने’ या संस्थेची स्थापना २०१५ मध्ये क्लाउस फोगेल आणि सोफी बो यांनी केली. यांपैकी फोगेल हे व्यापारी जहाजावरचे जर्मन कप्तान, म्हणजे आपल्याच व्यवसायातला माणूस, हे ऐकून वर्गातली चुळबूळ थांबली. या संस्थेचे ‘ओशन वायकिंग’ हे ६९ मीटर लांबीचे जहाज १९८६ मध्ये समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटांच्या मदतीसाठी बांधले गेले होते. त्याच्या मधल्या भागाची कड पाण्याच्या अगदी जवळ आहे, म्हणून जे काम आमच्या नऊ मीटर उंच डेकवरून जवळजवळ अशक्य होते, ते तिथे हात देऊन करता येते.

त्यानंतरचा प्रयोग पुन्हा पोहण्याच्या तलावात झाला, आणि संपूर्ण प्रशिक्षणातला तो सर्वोत्तम भाग होता. लाकडी फळ्या आणि हवा भरलेल्या नळ्या बांधून केलेल्या एका तराफ्यावर सरांनी आमच्यापैकी अठरा जणांना बसवले आणि आम्हाला एवढेच सांगितले की तुम्ही दोन दिवस उपाशी आहात, तुम्हाला पोहता येत नाही, आणि आता बोट आलेली आहे. दुसऱ्या गटाने बचाव बोट थेट आमच्या उजव्या बाजूला आणली. कोणीही ठरवले नव्हते, तरी आम्ही सगळे त्या बाजूला सरकलो. तराफ्याची डावी कड वर उठली आणि सहा जण पाण्यात पडले. लाइफ जॅकेट घातलेल्या, पोहता येणाऱ्या, हसतखेळत बसलेल्या अनुभवी माणसांची ही गत झाली. सरांनी तेव्हाच, आम्ही ओलेच असताना, १८ एप्रिल २०१५ ची रात्र सांगितली. पोर्तुगालच्या ध्वजाखालचे ‘किंग जेकब’ हे कंटेनर जहाज मदतीसाठी जवळ पोहोचले, माणसांनी खचाखच भरलेला ट्रॉलर (मासेमारीची मोठी बोट) त्याच्यावर आदळला आणि उलटला. २८ जण वाचले आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अंदाजाने आठशेहून अधिक मेले. तळाच्या भागात कोंबलेल्या लोकांना बाहेर पडायला वाटच नव्हती. जे जहाज वाचवायला जाते, त्याच्या नुसत्या जवळ येण्यानेही अनर्थ होऊ शकतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या पायाखालची फळी उठताना अनुभवणे वेगळे.

मग योग्य पद्धत शिकवली. पहिली बोट अंतर राखून उभी राहते आणि सर्वांत आधी बोलते. आम्ही वाचवायला आलो आहोत, सगळ्यांना नेणार आहोत, बसून राहा, हे शांत आवाजात पुन्हा पुन्हा सांगितले जाते. त्यानंतर लाइफ जॅकेट वाटली जातात. सर्वांच्या अंगात जॅकेट चढेपर्यंत, तातडीचे कारण नसेल तर, एकाही माणसाला उचलत नाहीत. आमच्या जहाजावर २०१५ मध्ये आम्ही नेमका उलटा विचार करत होतो. आधी मुलांना वर घेऊ असे म्हणत होतो, आणि तसे केले असते तर उरलेल्यांनी काय केले असते याची कल्पना मला त्या तराफ्यावर आली.

भाषेच्या मुद्द्यावर मी थोडे थांबतो. मानवतावादी जहाजांवर अरबी, फ्रेंच, इंग्रजी बोलणारे मध्यस्थ मुद्दाम नेमलेले असतात. पण लिबियाहून इटलीकडे येणाऱ्यांत बांगलादेशी लोकांचे प्रमाण गेल्या काही वर्षांत मोठे राहिले आहे, आणि १४ जून २०२३ रोजी ग्रीसजवळ बुडालेल्या ‘आद्रियाना’ या ट्रॉलरवर पाकिस्तानातले लोक मोठ्या संख्येने होते. त्या ट्रॉलरवरच्या सुमारे ७५० जणांपैकी १०४ जण वाचले. अशा वेळी भारतीय स्टाफमधल्या कोणीही ‘बैठे रहो, सबको निकालेंगे’ एवढे ओरडून सांगितले, तरी ते निम्मे काम आहे. आमच्या बॅचमधला बंगालचा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) हे ऐकून म्हणाला, “सर, मी बोलीन.” त्याला मेगाफोन देऊन सरांनी प्रयोग दुसऱ्यांदा घेतला, आणि या वेळी तराफा हलला नाही.

दोर फेकायला शिकवणारे काका दिवाळे कोळीवाड्यातले आहेत, पूर्वी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. त्यांनी दोराचे वेटोळे दोन हातांत विभागून धरायला शिकवले, ज्यामुळे तो हवेत उलगडताना गुंतत नाही. पहिल्याच फेकीत मी दोर पाण्यातल्या मुलाच्या डोक्यावर टाकला, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माणसावर नाही टाकायचा, माणसाच्या पलीकडे टाकायचा. दोर पलीकडे पडला की आपोआप त्याच्या हातात येतो.” अकरा वर्षांहून अधिक काळ समुद्रावर काढूनही मला हे कोणी दाखवले नव्हते.

लाइफ जॅकेटचा प्रयोग लहान आहे, पण मनातून जात नाही. सरांनी दोन जॅकेटे कापून ठेवली होती. एकातला फोम पाण्यात टाकला की तरंगत राहतो. दुसऱ्यात सामान बांधायला वापरतात तसला स्पंज होता, तो पाण्यावर टेकला, गडद झाला आणि हळूहळू तळाशी गेला. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या इझमिर शहरात पोलिसांनी एका कारखान्यातून अशी १,२६३ बनावट जॅकेटे जप्त केली होती. म्हणून ज्यांच्या अंगात आधीच जॅकेट दिसते, त्यांनाही आपले जॅकेट द्यायचे.

वर घेतल्यानंतरचे काम त्यांनी तितक्याच गांभीर्याने शिकवले. बराच वेळ पाण्यात असलेल्या माणसाला शक्यतो आडवे उचलायचे, कारण उभे उचलले की पायांवरचा पाण्याचा दाब एकदम जातो, रक्तदाब कोसळतो, आणि वाचलेला माणूस डेकवर येता येता दगावू शकतो. रबरी बोटीच्या तळाशी सांडलेले पेट्रोल आणि खारे पाणी एकत्र होऊन कातडी भाजते. मधोमध बसलेल्या बायकांना हा त्रास सर्वाधिक होतो. ते भाजणे वरून लगेच दिसत नाही, म्हणून ओले कपडे आधी काढून अंग गोड्या पाण्याने धुवायचे आणि मगच ब्लँकेट द्यायचे. २०१५ मध्ये आमच्याकडे ब्लँकेटे होती, हे ज्ञान नव्हते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव कायद्याच्या भागात आहे, जो जेवणानंतरच्या जेमतेम पंचवीस मिनिटांत उरकला गेला. संकटातल्या माणसाला मदत करण्याचे कर्तव्य समुद्रावरील जीवसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातल्या ३३ व्या नियमात आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराच्या ९८ व्या कलमात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. कॅप्टनची झोप उडवणारा प्रश्न पुढचा असतो : वाचवलेल्यांना उतरवायचे कुठे? ऑगस्ट २००१ मध्ये नॉर्वेच्या ‘टाम्पा’ जहाजाने चारशेहून अधिक लोकांना वाचवले आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिले नाही. या प्रकरणानंतर नियम बदलले आणि २००६ पासून सुरक्षित ठिकाण मिळवून देण्याची जबाबदारी देशांवरही आली. तरीही २०२० मध्ये ‘मेर्स्क एतिएन’ या डॅनिश टँकरला २७ जणांना घेऊन माल्टाबाहेर पाच आठवड्यांहून अधिक काळ थांबावे लागले, आणि शेवटी ‘मारे जोनियो’ या मानवतावादी जहाजानेच त्यांना उतरवून घेतले. २०२३ च्या इटालियन कायद्याने मानवतावादी जहाजांना एका बचावानंतर थेट नेमून दिलेल्या बंदराकडे जायला लावले आहे, आणि ते बंदर कित्येकदा उत्तरेला फार दूर असते. ज्या पाण्यात ती जहाजे कमी दिवस राहतील, तिथे संदेश आमच्यासारख्या जहाजांना येणार, हे उघड आहे. वर्गात हातांवर हात वर होत होते आणि सरांना घड्याळ पाहावे लागत होते, हे मला खटकले. या विषयाला पूर्ण दुपार हवी.

दुसरी उणीव जाळीची. पाण्यातून माणसे वर घेण्याची जहाजानुरूप लेखी योजना २०१४ पासून प्रत्येक जहाजावर असावी लागते, आणि बहुतेक योजनांत चढायची जाळी असतेच. इथली जाळी जीर्ण आहे, दोन ठिकाणी दोर विरलेला आहे, म्हणून प्रत्येकाला एकदाच चढू दिले. लहान मुलाला पाठीशी बांधून चढण्याचा सराव तर केवळ चित्रावर झाला. प्रथमोपचारासाठी डॉक्टर बोलावले नव्हते, तेही बोलवायला हवेत.

तिसऱ्या दिवशी आमच्या चौतीस जणांच्या बॅचमधले एकोणीसच थांबले, कारण सर्टिफिकेट दुसऱ्या संध्याकाळीच हातात पडते. भूमध्य समुद्राच्या वाटेने जाणाऱ्या कोणीही तो दिवस चुकवू नये. कपड्यांचे दोन जोड न्यावेत, आणि हार्बर लाइनने येणाऱ्यांनी बेलापूर स्टेशनवरून पावणेनऊपर्यंत निघावे, कारण तलावातला प्रयोग सकाळीच सुरू होतो. ऐरोलीला राहणारा माझा भाचा पुढच्या महिन्यात डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून पहिल्या जहाजावर जाईल. त्याला मी इथेच पाठवतो आहे. जाळी बदलू असे संस्थेने मला सांगितले आहे. ती बदललेली दिसली तर तीन वेळा चढून घे, असे त्याला बजावले आहे.