पस्तीसच्या नावाखाली अठ्ठेचाळीसचे हेजहॉग

ऐरोलीच्या एका स्केल मॉडेल बनवणाऱ्याला हल्लीच 2,400 रुपयांचा चुना लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात होती: 1:35 चे (म्हणजे मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढे) झेक हेजहॉग, म्हणजे रणगाडे अडवणारे लोखंडी काटेरी अडथळे, 12 नग, 'इम्पोर्टेड रेझिन' (प्रकाशाने घट्ट होणारं द्रव प्लास्टिक). विक्रेता म्हणे ठाण्याचाच. पण ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली भेटून हातोहात देता का विचारलं, तर उत्तर एकच, "आधी जीपे, मग कुरिअर." तिथेच व्यवहार सोडायला हवा होता.

डबा उघडला तर सगळे नग काळ्या प्रायमरने (रंगाआधीच्या अस्तराने) माखलेले. आपलं एक काम वाचलं असं वाटतं, पण प्रायमर नखाने खरवडला की खाली आडव्या रेघा दिसतात. रेझिन नाहीच, प्लास्टिकच्या तारेचे (फिलामेंटचे) थर देऊन काढलेला स्वस्त 3डी प्रिंट.

खरी मेख मापात आहे. मूळ हेजहॉग 140 × 140 × 13 मिमीच्या तीन लोखंडी अँगलचा, सुरुवातीच्या नगांत लांबी 1.8 मीटर. 35 ने भागा: अँगल 51 मिमी लांब, बाजू 4 मिमी. आलेला अँगल भरला साडेसदतीस, म्हणजे सरळसरळ 1:48. विक्रेते उंची सांगतात आणि गिऱ्हाईक तिथेच गंडतं. तिन्ही अँगल एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे उभी उंची लांबीच्या साधारण 0.58 पट, 1:35 मध्ये सुमारे 30 मिमी. 50 मिमीच्या सैनिकाच्या कमरेला लागायला हवा तो हेजहॉग इथे मांडीपर्यंतच. कडांची जाडीही पाहा. 0.4 मिमीच्या जागी दीड मिमी होती, म्हणजे प्रत्यक्षात पाच सेंटीमीटर जाडीचं लोखंड!

'मॉस्को ते नॉर्मंडी, कुठेही चालेल' हीसुद्धा थाप. 1941 च्या मॉस्कोत रूळ आणि आय-बीम वेल्ड करून अडथळे उभे केले होते. अँगलचे रिव्हेटवाले नग नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर शोभतात. 1938 नंतर जर्मनांनी ते झेक सरहद्दीवरून उचलून नेले होते.

ड्रॅगन्स टीथ, म्हणजे रणगाडे अडवणारे काँक्रीटचे टोकदार सुळके, यांची मॉडेलं घेताना धोका वेगळा. रेझिनचे दात आतून पोकळ छापतात. तळाला भोक नसेल तर आत ओलं रेझिन अडकून राहतं आणि काही आठवड्यांनी दात तडकून चिकट पाझर रंगवलेल्या बेसवर येतो. असे दात हाती आलेच तर हातमोजे घालून तळाला 2 मिमीची दोन भोकं पाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून धुवा, पूर्ण वाळवा, मग भोकातून यूव्ही प्रकाश द्या.

पैसे देण्याआधी बिनरंगाच्या नगाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. डबा फोडताना सलग व्हिडिओ घ्या. फसलात तर चॅट आणि यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवून लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा. चार दिवसांनी केलात तर तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

तसे 12 नग घरीच होतात. 0.5 मिमी प्लास्टिक शीटच्या 51 मिमी लांब 72 पट्ट्या (एका अँगलला दोन), एका ए4 शीटचा पाव भाग. निम्म्या पट्ट्या 4 मिमी रुंद, निम्म्या साडेतीन. सगळ्या चारच्या कापल्यात तर जोडल्यावर एक बाजू साडेचार भरते.