ऑइल बदलताना सांडासांड नको असेल तर: खालून बोल्ट की वरून पंप?

इंजिन ऑइल स्वतः बदलायचं हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतोच, खाली शिरून ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाशी ऑइल काढायचा बोल्ट) उघडायचा की वरून डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीच्या, नळीतून पंपाने ओढून घ्यायचं. मी बरीच वर्षं खालून काढत होतो आणि आता वरून काढतो, त्यामुळे दोन्हीकडचं जे अनुभवात आलं तेवढं लिहितोय. कुठलं ग्रेड, किती लिटर, किती किलोमीटरला हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, त्यात जात नाही. ज्याला ऑइल बदलता येतं पण नंतर फरशी घासत बसायचं नाही अशा माणसासाठी हे आहे.

ड्रेन बोल्टला नावं ठेवायला तसं काही नाही. गाडी थोडी फिरवून आणली की ऑइल पातळ होतं, बोल्ट काढला की धो धो येतं आणि तळाशी बसलेला बारीक गाळ सोबत घेऊन येतं. बोल्टला मॅग्नेट असेल तर आणखी एक फायदा, त्यावर काय चिकटलंय ते बघता येतं. राखाडी मलमासारखा पातळ थर असला तर काळजी नसते, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर आत काहीतरी झिजतंय हे वेळेत कळतं. पंपाने काढताना हे कधीच दिसत नाही आणि ही पंपाची खरीखुरी उणीव आहे, ती मी लपवणार नाही.

बोल्ट काढताना होणारी सांडासांडही सवयीने बरीच कमी होते. शेवटचे दोन-तीन आटे राहिले की बोल्ट आतल्या बाजूला दाबून धरत बोटांनी फिरवायचा आणि पूर्ण सुटला असं वाटलं की झटकन बाजूला ओढायचा, म्हणजे तो ट्रेमध्येही पडत नाही आणि ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतही नाही. दुसरं म्हणजे धार जागेवर राहत नाही. बोल्ट चेंबरच्या (इंजिनच्या तळाचं ऑइल साठायचं भांडं) बाजूला आडवा असेल तर सुरुवातीला धार चांगली लांब जाऊन पडते आणि जसजसं चेंबर रिकामं होतं तसतशी ती मागे सरकत शेवटी भोकाच्या बरोबर खाली येते. ट्रे नुसता पहिल्या धारेच्या अंदाजाने ठेवला तर शेवटचं ऑइल हमखास जमिनीवर पडतं. म्हणून ट्रे मोठा आणि त्याखाली पुठ्ठा, एवढं केलं की झालं.

मग मी बोल्ट का सोडला? इंजिनखालच्या त्या प्लास्टिकच्या कव्हरमुळे.

आजकालच्या बऱ्याच गाड्यांना ते असतं. काहींना ड्रेन बोल्टखाली खिडकी ठेवलेली असते, काहींना नसते, मग पूर्ण कव्हर काढावं लागतं आणि त्याच्या क्लिपा जुन्या झाल्या असल्या की एखादी तरी तुटतेच. खिडकी असली तरी सुटका नाही कारण शेवटी ऑइल जेव्हा थेंब थेंब येतं तेव्हा ते सरळ खाली पडत नाही, चेंबरच्या तळाला धरून पुढे सरकतं आणि खिडकीच्या काठावर पडतं, काठावरून आत कव्हरच्या खोलगट भागात जाऊन बसतं. ते तुम्हाला दिसत नाही, फडकं तिथपर्यंत पोचत नाही. सगळं नीट पुसलं, बोल्ट बरोबर टाईट केला, नवीन वॉशर टाकला, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग. परत खाली शिरून बघावं तर बोल्ट कोरडा. तिसऱ्या दिवशी परत डाग, चढ चढून आलं की जास्त, सपाट रस्त्यावर कमी, कारण आत साठलेलं ऑइल गाडीच्या कलाप्रमाणे इकडून तिकडे जातं आणि मिळेल त्या भोकातून गळतं. कव्हर कडक प्लास्टिकचं नसून नमद्यासारख्या कापडी मटेरियलचं असलं तर आणखी वाईट, ते ऑइल पिऊन घेतं आणि कितीतरी दिवस सोडत राहतं.

मला फरशीच्या डागाचं एवढं नाही, डाग निघतो. पण गळतंय ते खरंच लीक आहे की कव्हरमध्ये राहिलेलं ऑइल आहे हे कळायला मार्ग राहत नाही, आणि हा वैताग मला दर वेळी आठवडाभर पुरायचा. डोक्यात तेच, वॉशर बरोबर बसला ना, बोल्ट ढिला तर नाही ना राहिला, आणि मग माणूस उगाच आणखी अर्धा फेरा आवळायला जातो. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात ते असेच.

पंपाने हे सगळं संपतं. डिपस्टिक बाहेर, बारीक नळी आत, तळाला टेकली की कळतं. हाताने मारायचा पंप असेल तर काही दट्टे मारून व्हॅक्यूम तयार केला की पुढे तो आपला आपण ओढत बसतो, तोवर तुम्ही एअर फिल्टर बघा नाहीतर टायरची हवा तपासा. ऑइल कोमट-गरम हवं, थंड असेल तर कंटाळा येईपर्यंत चालतं, आणि अगदी कढत असेल तर नळी मऊ पडून चपटी होते. शेवटी गुडगुड आवाज यायला लागतो म्हणजे नळी हवा ओढतेय, तेव्हा लगेच बाहेर काढायची नाही, थोडी वर घ्यायची, पिळ देऊन परत खाली सोडायची, बऱ्याचदा आणखी बऱ्यापैकी ऑइल येतं. नळी बाहेर घेताना फडक्याच्या चिमटीतून पुसत पुसत काढायची आणि टोकाखाली फडकं धरायचं, सांडायची शक्यता असलेली तेवढी एकच जागा.

शिवाय काढलेलं ऑइल पंपाच्या बंद टाकीत असतं. ट्रेमधून कॅनमध्ये नरसाळं लावून ओतताना जी तारांबळ होते (मला वाटतं निम्मी सांडासांड तिथेच होते) ती जवळपास राहत नाही. टाकीतून सरळ झाकणाच्या कॅनमध्ये, आणि कॅन वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे. गटारात किंवा मातीत अजिबात नाही. आणि हातात नायट्राइलचे ग्लोव्हज दोन्ही पद्धतीत घाला, वापरलेलं ऑइल पुन्हा पुन्हा कातडीला लागणं चांगलं नाही.

लोक म्हणतात पंपाने सगळं ऑइल निघत नाही. माझ्या इंजिनपुरतं सांगतो, पंपाने काढून झाल्यावर मुद्दाम बोल्ट उघडून बघितला तर जे आलं ते चहाच्या कपात मावलं असतं. सगळ्या इंजिनांचं असंच असेल असं म्हणणार नाही, चेंबरचा आकार वेगळा असतो, मधे पडदे असतात, काहींत नळी सगळ्यात खोल जागी पोचतच नाही. पण पद्धत काही नवीन नाही, बोटींच्या आतल्या इंजिनांखाली शिरायला जागा नसते म्हणून तिथे ऑइल वरूनच ओढतात आणि मर्सिडीजच्या बऱ्याच इंजिनांचंही असंच काढलं जातं.

मात्र घोडं फिल्टरपाशी अडू शकतं. फिल्टर इंजिनच्या वरच्या बाजूला असेल तर पंपवाल्याची चैन आहे, आधी त्याचं झाकण ढिलं करायचं म्हणजे त्यातलं ऑइलही खाली चेंबरमध्ये उतरतं, मग ओढायचं, गाडी जॅकवर घ्यायची गरजच नाही. फिल्टर खाली असेल तर मात्र शेवटी खाली जावंच लागणार, स्टँड लावून, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि मग पंपाचा निम्मा फायदा गेला. खालच्या फिल्टरला प्लास्टिकची पिशवी घालायची, पिशवीतूनच थोडा ढिला करून ऑइल गळू द्यायचं आणि मग पिशवीसकट काढायचा. जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बघायचं, नव्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं.

तिसरा पर्याय म्हणजे बोल्टच्या जागी कायमचा ड्रेन व्हॉल्व्ह. नळी लावा, खटका उचलून फिरवा, ऑइल थेट कॅनमध्ये. खाली कव्हर नसेल आणि गाडी उंच असेल तर मी कदाचित हाच घेतला असता. पण तो चेंबरच्या खाली बाहेर आलेला राहतो, आणि कमी उंचीच्या गाडीला ते मला पटत नाही.

मोटरसायकलवाल्यांनी पंपाच्या नादी लागू नये, तिथे बोल्ट समोर असतो आणि सहसा डिपस्टिकची लांब नळीच नसते.

कारला पंप घ्यायचा विचार असेल तर आधी बॉनेट उघडून दोन गोष्टी बघा. एक, डिपस्टिक आहे का, कारण काही बीएमडब्ल्यू आणि ऑडी गाड्यांत ती नसतेच, ऑइल लेव्हल स्क्रीनवर दिसते. दोन, फिल्टर कुठे आहे. दोन्ही वर असतील तर मी तरी दुसरा विचार करणार नाही. आणि मॅग्नेटवरचा कीस बघायची सवय सोडवत नसेल तर दर तिसऱ्या-चौथ्या वेळी बोल्ट उघडा, कव्हर पूर्ण काढून, म्हणजे ते पुसूनही होईल.